ज्यांना पाठवणारं कुणी नाही

परदेशातून भारतात येणाऱ्या पैशांची बातमी वर्षातून एकदा तरी पेपरात येते आणि आमच्या दुकानाच्या पायरीवर तिची चर्चा होते. जागतिक बँकेच्या अंदाजाने २०२४ साली हा आकडा सुमारे १२९ अब्ज डॉलर होता, जगात सगळ्यात मोठा. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये अशा पैशांतला २०.५ टक्के एकट्या महाराष्ट्रात आला, केरळपेक्षाही थोडा जास्त. शेजारचा चहावाला मला म्हणाला, "वैनी, एवढा पैसा येतोय म्हणल्यावर गरिबी ऱ्हातीया कुठं?" त्याला म्हटलं, आधी तो कुणाच्या घरात येतोय ते बघ. कॅलिफोर्नियातल्या पोरानं कोथरूडच्या आईवडिलांच्या खात्यावर टाकलेले डॉलर आणि आपल्या एमआयडीसीतल्या पोरानं बिहारला पाठवलेले चार हजार, दोन्ही 'घरी पाठवलेले पैसे'च. गरिबीशी पहिल्याचा फारसा संबंध नाही. मी लिहितेय ते दुसऱ्याबद्दल: माणसानं घरी पाठवलेल्या अशा खाजगी पैशानं गरिबी हटते का?

माझं दुकान कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. झेरॉक्स, रिचार्ज, आधारवर पैसे काढणं आणि मनी ट्रान्सफर. फौंड्र्यांचे, म्हणजे लोखंड ओतणाऱ्या कारखान्यांचे, पगार सात तारखेनंतर सुरू होतात, ठेकेदाराच्या माणसांचे रेंगाळत बारा-तेरापर्यंत जातात. त्या दिवसांत संध्याकाळी दुकानात उभं राहायला जागा नसते. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, झारखंड. ज्यांचा पगार खात्यावर होतो ते आता फोनवरूनच पाठवतात. यूपीआय आल्यापासून माझा धंदा निम्म्यावर आला. उरलेत ते रोखीत पैसे घेणारे: फेटलिंगवाले, हमाल, बांधकामावरचे, नुकतेच गाडीतून उतरलेले. म्हणजे धंदा जसा आटत गेला तसा काउंटरसमोरचा माणूस गरीब होत गेला. कमिशनच्या हिशेबानं वाईट झालं. पण गरिबाचा पैसा कसा फिरतो हे बघायचं असेल तर ही खुर्ची चांगली आहे.

फेटलिंगमधला एक पोरगा बिहारच्या सिवान जिल्ह्यातला आहे. फेटलिंग म्हणजे भट्टीतून आलेल्या कास्टिंगच्या कडा ग्राइंडरनं घासून काढायच्या. दिवसभर ती धूळ अंगावर घेऊन तो आठच्या सुमारास येतो. हात धुतलेले असतात, तरी नखं काळीच. खिशातल्या नोटा काउंटरवर ठेवतो आणि दोन ढीग करतो. एक खोलीभाडं आणि खानावळीचा, एक घरचा. घरच्या ढिगातनं एखादी पाचशेची नोट काढून तो इकडच्या ढिगात टाकतो, थोडा थांबतो आणि परत तिकडं ठेवतो. हे दर महिन्याला. मग सहा हजार माझ्याकडे सरकवतो. आमच्या पोर्टलवर एका वेळी पाच हजारच जातात, म्हणून पाच आणि एक असे दोन व्यवहार करायचे. शेकडा एक रुपया, म्हणजे साठ रुपये वेगळे. ते मात्र तो मोजून, सुट्टे करून देतो.

पैसे गेले तरी तो जात नाही. बायकोला फोन लावतो, "मैसेज आया?" तिचं "हाँ" आल्यावरच पावती खिशात जाते. कधी सर्व्हर लटकतो, इथून पैसे कापले जातात आणि तिकडे जमा होत नाहीत. दोन-तीन दिवसांत परत येतात, हे मला माहीत असतं. त्यालाही माहीत असतं, पण ते दोन-तीन दिवस तो जेवणाच्या सुट्टीत येऊन नुसता दारात उभा राहतो. काही विचारत नाही. मीच मान हलवते.

नोव्हेंबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेनं पाठवणाऱ्याच्या ओळखीचे नियम कडक केले. आधी एका खोलीतल्या चौघांचे पैसे एकजण आणून भरायचा. आता ज्याचे पैसे त्यानं स्वतः यायचं, त्याचा आधार, त्याचा अंगठा, त्याच्या फोनवर ओटीपी. फसवाफसवी थांबायला हे हवंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण रात्रपाळीवाल्यासाठी मला दुकान सकाळी सातला उघडावं लागतं, हेही खरं.

तर प्रश्न असा, या सहा हजारांनी तिकडं काय होतं?

बायको आधी किराण्याची उधारी भागवते, असं तो सांगतो. सगळी नाही, दुकानदार पुढचा महिना माल देईल इतकी. मग औषधं, मग पोरांची शिकवणी. गाठीला काही उरत नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, मग सुधारलं काय? सुधारलं ते असं की सावकाराकडे जावं लागलं नाही.

याचा बऱ्यापैकी काटेकोर अभ्यास बांगलादेशात झालाय. गाईबांधा जिल्ह्यातली अगदी गरीब घरं आणि त्याच घरांतली ढाक्याला कामाला गेलेली, बरीचशी कपड्यांच्या कारखान्यांत राबणारी माणसं अशा जोड्या घेतल्या. त्यातल्या काहींना मोबाइलवरून पैसे कसे पाठवायचे ते शिकवलं, 'बिकाश' या तिकडच्या मोबाइल-पैशाच्या सेवेचं खातं काढून दिलं, बाकीच्यांना नाही. वर्षभरानं बघितलं तर ज्यांनी ते खरोखर वापरलं त्यांनी घरी पाठवलेले पैसे सव्वीस टक्क्यांनी वाढले होते. गावाकडच्या घरांचा खर्च साडेसात टक्क्यांनी वाढला, अतिगरिबी घटली, कर्ज कमी झालं आणि हातात काही नसण्याच्या महिन्यांत घरात बाकीच्यांपेक्षा जास्त शिजलं. पगार कुणी वाढवला नव्हता हं. फक्त पैसा पोचायची वाट सोपी झाली होती.

त्याच अभ्यासात एक गोष्ट आहे जी मी आमच्या चहावाल्याला मुद्दाम सांगितली. शहरातल्या ज्या माणसांना हे शिकवलं होतं त्यांची तब्येत बाकीच्यांपेक्षा वाईट होती. घरी जास्त पाठवायचं तर जास्त राबायचं, हे त्यामागचं गणित असणार. सिवानचा पोरगा माझ्या समोर खोकतो तेव्हा ते दिसतं. धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून मास्क लाव म्हणावं तर म्हणतो, "दीदी, उसमें साँस नहीं आती, पीस कम निकलता है." पीसवर पैसे आहेत त्याचे.

केनियाचं उदाहरण याहून प्रसिद्ध आहे. तिथे २००७ मध्ये 'एम-पेसा' आलं. गावोगावच्या एजंटाकडे, म्हणजे माझ्यासारख्यांकडे, रोख भरायची आणि फोनवरून पाठवायची. पुढे २०१६ साली छापून आलेल्या संशोधनात हिशेब निघाला की त्यामुळे १ लाख ९४ हजार घरं, म्हणजे देशातली दोन टक्के घरं, गरिबीतून वर आली. त्याच संशोधकांनी आधी दाखवलं होतं की घरावर आजारपणासारखं संकट आलं की एम-पेसा नसलेल्या घरांचा खर्च सात टक्क्यांनी खाली येतो, असलेल्यांचा फारसा हलत नाही. कारण त्या आठवड्यात कुणीतरी, कुठूनतरी, थोडे पाठवतं. किती आले यापेक्षा कधी आले याला महत्त्व, हे मला माझ्या पावत्यांवरूनही पटतं. ठरलेल्या तारखेचे सहा हजार एकीकडे, आणि पंचवीस तारखेला खोलीतल्या तिघांकडून उसने घेऊन धावत आणलेले आठशे एकीकडे. आठशेवाल्याच्या चेहऱ्यावरून कळतं की तिकडे कुणीतरी दवाखान्यात आहे.

हे सगळं मला काउंटरवर बसून पहिल्यांदा कळलं असंही नाही. मी चंदगड तालुक्यातली. वडील मुंबईला गिरणीत. चंदगड, आजरा, गडहिंग्लज इकडच्या घराघरातला एकतरी पुरुष तेव्हा लालबाग-परळला होता. चाळीतल्या एका गाळ्यात गावची वीस-पंचवीस माणसं, पाळीनं झोपायची, खानावळीत जेवायची आणि उरलेलं गावाला पाठवायची. महिन्याच्या पंधरा-सोळा तारखेला आई पोस्टमनच्या सायकलची वाट बघायची. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुरासाठी चार बोटं जागा असायची, तेवढ्यात वडील लिहायचे: 'पैसे पोचताच कळवणे. बैलाला पेंड आणणे. मुलीस शाळेत धाडणे.' मुलीस म्हणजे मला. पोस्टाचं कमिशन पुढे पुढे शंभराला पाच रुपये होतं. आज माझ्याकडे शंभराला एक घेते तरी घासाघीस होते.

त्या मनीऑर्डरीनं आमचं काय केलं ते मला नीट आठवतं, कारण ती बंद पडल्यावर काय झालं तेही आठवतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार, दत्ता सामंत पुढारी. वर्तमानपत्रात मुंबईच्या गेटवरचे फोटो यायचे. आमच्याकडे नुसता पोस्टमन यायचा थांबला. काही महिन्यांनी वडीलच आले, वळकटी घेऊन. आमचा एक बैल विकला, मग दुसरा. नाचणी पिकायची, भात थोडं, त्यामुळे उपास पडले नाहीत, पण माझ्या थोरल्या भावाची शाळा सुटली ती सुटलीच.

पण आमच्या वाडीत एक घर असं होतं की त्याला संपाचा धक्का वेगळ्या वाटेनं बसला. नवरा गेलेली बाई, दोन लहान मुली, मुंबईत कुणी नाही. कुणी असणारच कसं? गाळ्यात जागा मिळायला भावकीतला माणूस लागतो, गिरणीत बदलीला, म्हणजे रजेवरच्याच्या जागी, लागायला ओळख लागते. तिच्या दारात मनीऑर्डर कधी आली नाही. तरी तिच्या चुलीला आमच्या मनीऑर्डरीचा हातभार होता, कारण आई आणि आईसारख्या इतर बायका रोप लावायला, भांगलायला तिला रोजानं बोलवायच्या आणि रोख द्यायच्या. वडील घरी आल्यावर रोजगारी कशाला सांगायची? आमचे पैसे थांबले तसा तिचा रोजगार पहिला थांबला. आकडेवारी काढणाऱ्याला तिचं घर 'पैसे न मिळणारं' असंच दिसलं असतं.

याची दुसरी बाजूही त्याच वाडीत होती. ज्यांच्याकडे मुंबईचा पैसा साठला त्यांनी जमिनी घेतल्या, आणि विकल्या कुणी? ज्यांना पाठवणारं कुणी नव्हतं त्यांनी. त्या बाईचा पाण्याकडचा तुकडा असाच गेला.

म्हणून, खाजगी पैशानं गरिबी हटते का, याला माझं उत्तर असं: ज्याच्या घरातून माणूस बाहेर पडला त्याची हटते, निदान हलकी होते. ज्याच्या घरातून कुणी बाहेरच पडू शकत नाही, तिथे हा पैसा सरळ पोचत नाही, आणि सगळ्यात गरीब घरं नेमकी तीच असतात. ॲडम्स आणि पेज या अर्थतज्ज्ञांनी ७१ विकसनशील देशांचे आकडे घेऊन २००५ साली मांडलं की परदेशातून येणारा माणशी पैसा दहा टक्के वाढला तर गरिबांचं प्रमाण साडेतीन टक्क्यांनी घटतं. नेपाळमध्ये १९९५ ते २००४ या काळात गरिबी ४२ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आली, त्यातला पाचवा हिस्सा बाहेर गेलेल्या माणसांच्या कमाईचा, असंही एक संशोधन आहे. आमच्या कॉलनीतला नेपाळी वॉचमन हे ऐकून खूश झाला होता. पण ही सरासरी. सरासरीत आमच्या वाडीतली ती बाई आमच्यातच मोजली जाते.

ॲडम्स यांनीच ग्वाटेमालाबद्दल लिहिलेलं मला जास्त पटतं. तिथे अशा पैशामुळे दारिद्र्यरेषेखालच्या घरांची संख्या फारशी हलली नाही, पण जी रेषेच्या फार खाली होती ती बरीच वर सरकली. म्हणजे गरीब गरीबच राहिला, पण गळ्यापर्यंतचं पाणी कमरेपर्यंत आलं. सरकारी तक्त्यात हा बदल दिसत नाही.

आमच्याकडे सगळ्यात खालचे कोण, हे बघायला ऑक्टोबर-नोव्हेंबरात यावं. बीड, धाराशिवकडचे ऊसतोडवाले उतरतात. नागावच्या शिवारात पालं पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हेही परगावी कमवायला आलेले, सिवानच्या पोरासारखेच. पण माझ्या काउंटरवर ते पैसे पाठवायला जवळपास येतच नाहीत. रिचार्जला येतात. कारण यांनी पैसे आधीच घेतलेत. मुकादमाकडून लाखाच्या घरातली उचल उन्हाळ्या-पावसाळ्यातच घेतलेली असते. ती लग्नात, दवाखान्यात, मागच्या हंगामाच्या अंगावरल्या बाकीत संपलेली असते. इथे मार्च-एप्रिलपर्यंत तोडलेला टनन् टन उचलीत वळता होतो. ज्याची मेहनत आधीच खाऊन झालीय तो घरी काय पाठवणार? आठवड्याचा खर्च म्हणून मुकादम जे हातावर ठेवतो त्यातले पाचशे कधीमधी एखादी बाई गावी सासूला पाठवते, कारण पोरं सासूकडे आहेत. पाचशेला दहा रुपये, कारण आमचं कमीत कमी कमिशन दहाच आहे. म्हणजे दोन टक्के. सिवानच्या पोराला शेकडा एक पडतो, हिला दुप्पट. सगळ्यात गरीब माणसालाच दर जास्त लागतो. मी तिच्याकडून दहा घेत नाही, पण हा काही इलाज झाला नाही.

जो बाहेर पडू शकत नाही त्याला बाहेर पडायला पैसे दिले तर? हाही प्रयोग बांगलादेशात झाला, रंगपूर भागात, २००८ साली. पीक यायच्या आधीच्या उपाशी महिन्यांत, ज्याला तिकडे 'मोंगा' म्हणतात, गरीब घरांना साडेआठ डॉलर दिले, अट एकच की कुणीतरी शहरात कामाला जायचं. बसचं भाडं आणि चार दिवस खायला. तेवढ्यावर बावीस टक्के घरांतून माणूस निघाला, घरच्यांचा खाण्यापिण्याचा खर्च वाढला, आणि पुढच्या वर्षांत पैसे न देताही त्यातले बरेच पुन्हा शहरात कामाला गेले. वाचून मी जागच्या जागी उडाले होते. बसचं तिकीट आडवं येत होतं फक्त! पण हीच योजना २०१७ ला फार मोठ्या प्रमाणावर राबवली तेव्हा तसा परिणाम दिसला नाही आणि २०१९ मध्ये ती चालवणाऱ्या संस्थेनं गुंडाळली. तिकीट देऊन सगळ्यांचं भागत नाही. काहींच्या घरात जाणारं माणूसच नसतं: म्हातारी माणसं, अपंग, लेकुरवाळी एकटी बाई.

त्यांच्यासाठी मग सरकारी पैसा. आणि इथे एक वाद आहे. सरकारनं दिलं की घरचे द्यायचे थांबतात, असं म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत म्हाताऱ्यांचं पेन्शन वाढलं तेव्हा रॉबर्ट जेन्सन यांनी मोजलं: सरकारच्या प्रत्येक एका रँडमागे, म्हणजे तिथल्या रुपयामागे, बाहेरगावच्या मुलांनी पाठवायचे पैसे २५ ते ३० सेंटनी कमी केले.

खोटं नाही. माझ्याकडे एक आजी येतात, श्रावणबाळ या सरकारच्या म्हातारपणाच्या अनुदानाचे दीड हजार काढायला. शेतात आणि भांड्यात आयुष्य गेलं, बोटांवर रेषाच उरल्या नाहीत, मशीन अंगठा घेत नाही. ओला रुमाल, मग कोरडा, मग दुसरं बोट, मग डाव्या हाताचं. कधी घेतं, कधी "उद्या येते गं" म्हणून जातात. आधी मुलगा पुण्याहून महिन्याला हजार पाठवायचा. आता सातशे, कधी सहाशे. आजी म्हणतात, "त्यो म्हणतोय, तुला मिळत्यात की आता."

हे सांगितलं की काहीजण टाळी वाजवतात, बघा, सरकारनं दिलं की पोरं हात आखडतात, मग द्यायचं कशाला. आजींचा हिशेब मात्र सरळ आहे. आधी हजार होते, आता बावीसशे आहेत. शिवाय अनुदान लांबलं तर मुलाचे येतात, मुलाचं काम सुटलं तर अनुदान येतं. आणि जे तीनशे-चारशे मुलाकडे राहिले ते काही उधळपट्टीला गेले नाहीत. तो हेल्पर आहे एका वर्कशॉपात, खोलीभाडं देऊन राहतो, त्याला दोन पोरी आहेत. दीड हजारातले काही पैसे असे फिरून त्याच्या घरी गेले असतील, तर तेही गरिबाच्याच घरी गेले.